लहानपणचे पुरावे

१.
कोकणात कुठल्याही जुन्या जेट्टीच्या खांबांवर ओहोटीला पांढरट, धारदार कवचांचा थर दिसतो. हात घासला तर कातडी निघते. हे बार्नॅकल. कठीण कवच, आणि एकदा चिकटला की जन्मभर तिथेच. फ्रान्सच्या जॉर्ज क्यूव्हिए यांनी त्यांना शिंपल्या-गोगलगायींबरोबर मृदुकाय प्राण्यांत बसवलं. बघून कोणीही तेच केलं असतं.

२.
जॉन व्हॉन टॉम्प्सन. लष्करातले डॉक्टर, मुक्काम आयर्लंडमधलं कॉर्क. बारीक जाळ्याने समुद्राचं पाणी गाळायचे आणि सापडलेले जीव भांड्यात ठेवून बघत बसायचे. पायांनी पोहणारे काही चिमुकले जीव कात टाकून भांड्याला चिकटले आणि त्यांचे बार्नॅकल झाले. सांध्यांचे पाय, कात टाकणं. म्हणजे शिंपले नव्हेत, कोळंबी-खेकड्यांचे भाऊबंद. हे १८३० मध्ये छापून आलं. क्यूव्हिए १८३२ मध्ये वारले.

३.
मोठा झालेला बार्नॅकल आयुष्यभर डोक्यावर उभा असतो आणि पायांनी अन्न तोंडाकडे ओढतो.

४.
डार्विन १८४६ ते १८५४ बार्नॅकलच चिरत होते. जगाला हादरवणारं पुस्तक त्यानंतर, १८५९ मध्ये.

५.
डिंभ : अंड्यातून निघालेलं पण आईबापांसारखं न दिसणारं पिल्लू. फुलपाखराचा सुरवंट, बेडकाचं शेपटीवालं पोर.

६.
सॅक्युलिना. खेकड्याच्या पोटाखाली दिसणारी एक पिवळसर पिशवी. आत खेकड्याच्या अंगभर पसरलेले तिचे धागे. पाय नाहीत, डोळे नाहीत, तोंड नाही, आतडं नाही. नर खेकड्यालाही ती मादीसारखा करून सोडते, मग तो ती पिशवी स्वतःची अंडी असल्यासारखी जपतो.
पिशवीतून सुटणारे डिंभ मात्र थेट बार्नॅकलचे : पायांच्या तीन जोड्या, एक डोळा, डोक्याच्या कोपऱ्यांवर दोन शिंगं. आयुष्यातल्या तेवढ्या थोड्या दिवसांवरून तिची जात ठरली.

७.
त्या डिंभाचं नाव नॉप्लियस. १७८५ मध्ये ओ. एफ. म्यूलर यांनी ते दिलं, एक स्वतंत्र, पूर्ण वाढलेला प्राणी समजून. खेकड्याच्या पोराला तसंच झोइया हे नाव पडलं. युरोपातल्या ईलचं पोर, काचेच्या पानासारखं पारदर्शक, लेप्टोसेफॅलस या नावाने वेगळा मासा म्हणून नांदत होतं. ते ईलचंच आहे हे इटलीत ग्रासी आणि कालांद्रुच्चिओ यांनी १८९० च्या दशकात दाखवलं.
एकाच प्राण्याची संग्रहालयात दोन कपाटं.

८.
मालवणी ताट, नात्याप्रमाणे लावलेलं : तिसऱ्या आणि म्हाकुल एका घरातल्या. कोळंबी आणि चिंबोरी दुसऱ्या घरातल्या. बांगडा आपल्या घरातला. तारामासा ताटात नसतो. पण तो कोळंबीपेक्षा बांगड्याला, आणि म्हणून आपल्यालाही, जवळचा.

९.
कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर, क्योनिग्सबर्ग, १८२८. अल्कोहोलमध्ये ठेवलेले दोन लहान भ्रूण. चिठ्ठ्या लावायच्या राहिल्या. नंतर बघतात तर सरडा, पक्षी की सस्तन प्राणी, काही सांगता येईना. त्यांनी ते तसं लिहून टाकलं.
त्यांचा नियमही तोच सांगतो : मोठ्या गटाची लक्षणं आधी उमटतात, जातीची खास लक्षणं मागाहून. आधी कण्याचा प्राणी, मग पक्षी, शेवटी कोंबडी.

१०.
डार्विननी ही बिनचिठ्ठीच्या भ्रूणांची गोष्ट आपल्या पुस्तकात घेतली, पण लुई आगासी यांच्या नावावर. पुढच्या एका आवृत्तीत दुरुस्ती करून बेअर यांचं नाव घातलं. भ्रूणांना चिठ्ठीच लागली नाही, गोष्टीला चुकीची लागली.
आगासींना उत्क्रांती शेवटपर्यंत मान्य नव्हती. बेअर यांनाही डार्विनची उत्क्रांती पटली नाही.

११.
क्यूव्हिए यांनी मोठे प्राणी चिरून सगळ्या प्राणिसृष्टीचे चार गट केले. बेअर भ्रूण बघत आले, त्यांचेही चार झाले. गट जवळजवळ तेच.

१२.
अॅरिस्टॉटल कोंबडीच्या उबवणीतली अंडी वेगवेगळ्या दिवशी फोडून बघत असे. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या बलकात रक्ताचा एक ठिपका, धडधडणारा.
सुमारे तेवीसशे वर्षांनी पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर कोंबडीचेच भ्रूण बघत होत्या. त्या एडिंबराला भ्रूणशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे शिकून आल्या होत्या. एकवीस दिवस, बारा महिने मिळणारं अंडं, कवचाला खिडकी पाडता येते. विज्ञानाला गरीब प्राणी बरा पडतो.

१३.
ख्रिस्तियान पांडर, १८१७, पुन्हा कोंबडी : भ्रूण सुरुवातीला थरांचा असतो. बाहेरच्या थरातून कातडी आणि मेंदू. मधल्यातून स्नायू, हाडं, रक्त. आतल्यातून आतड्याचं अस्तर आणि यकृत.
मेंदू आणि कातडी एकाच थरातून येतात, हे वाचून पुढे जाता येत नाही.

१४.
जेलीफिश आणि प्रवाळ : दोन थर. गांडूळ, मुंगी, गोगलगाय, तहसीलदार : तीन.
जेलीफिशचे दोन थर भ्रूणाच्या थरांसारखे आहेत, हे १८४९ मध्ये टी. एच. हक्सले यांनी लिहिलं. तेव्हा ते पंचविशीच्या आत होते आणि आरमाराच्या जहाजावर डॉक्टरच्या मदतनिसाची नोकरी करत होते.

१५.
सगळ्यात गाजलेली कसोटी. भ्रूण आधी पेशींचा पोकळ गोळा असतो. एका बाजूने तो आत दबतो आणि तिथे एक छिद्र तयार होतं. व्हिएन्नाचे कार्ल ग्रोबेन, १९०८ : छिद्राचं तोंड होतं ते प्रोटोस्टोम. छिद्राचं गुदद्वार होतं आणि तोंड नंतर दुसरीकडे फुटतं ते ड्युटेरोस्टोम. पहिल्यात कीटक, गोगलगायी, गांडुळं. दुसऱ्यात तारामासे आणि आपण.

१६.
वर्गात हा भाग आला की मागच्या बाकांवर खसखस पिकते. सर फळ्याकडे वळून आकृती काढू लागतात.

१७.
माणसात प्रकरण इतकं सरळ नाही. आपला भ्रूण तेव्हा चपटी तबकडी असतो आणि छिद्राच्या जागी एक रेघ उमटते, पंधराव्या दिवसाच्या आसपास. रेघ उमटली की एका भ्रूणाची जुळी होण्याची वेळ जवळपास टळलेली असते.
ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये याच रेघेशी थांबायला सांगितलं : प्रयोगशाळेत मानवी भ्रूण १४ दिवसांपुढे वाढवायचा नाही. भारताच्या मार्गदर्शक तत्त्वांतही तीच मर्यादा आहे.

१८.
पेशी कशा विभागतात यावरूनही घराणं कळतं. तारामाशाच्या नात्यातल्या सी अर्चिनचं अंडं : दोन, चार, आठ. वरच्या चार पेशी खालच्या चारांच्या बरोबर डोक्यावर. गोगलगायीचं अंडं : आठ होताना वरच्या चार थोड्या वळतात आणि खालच्यांच्या खाचांत बसतात.
समुद्रातले पुष्कळसे वलयी किडेही असेच वळतात.

१९.
एडमंड विल्सन, १८९२. नेरीस नावाच्या समुद्री वलयी किड्याच्या भ्रूणातल्या एकेका पेशीची वंशावळ लिहून काढली. प्रत्येक पेशीला अक्षर आणि आकडा. मधल्या थराचा मोठा हिस्सा येतो एका पेशीतून, तिचं नाव ४-डी. गोगलगायींच्या भ्रूणात शोधलं तर तिथेही तीच पेशी, तेच काम.
किडा लांब, वळ्यांचा. गोगलगाय गोल, शंखाची. कागदपत्रं एकाच तलाठ्याकडची.

२०.
हान्स ड्रीश, १८९१. सी अर्चिनचा दोन पेशींचा भ्रूण हलवून हलवून सुटा केला. अर्धे अर्धे दोन प्राणी मिळतील असा अंदाज होता. दोन पूर्ण डिंभ मिळाले, फक्त आकाराने लहान.
पुढे ड्रीश तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले.

२१.
आपल्याकडे एका अंड्यातून जुळी होतात. नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलोला तर एका अंड्यातून चार, आणि बहुतेक दर खेपेला चारच.
गोगलगायीच्या भ्रूणाच्या पेशी सुट्या केल्या तर बहुधा तुकडेच मिळतात.

२२.
गोगलगायीचा शंख कुठल्या बाजूला वळणार हे भ्रूणाच्या पहिल्या काही विभाजनांतच ठरतं, आणि ठरवतो आईचा जीन. पिल्लाचा स्वतःचा जीन काय म्हणतो याला त्या पिढीत किंमत नाही. तळ्यातल्या गोगलगायींच्या बाबतीत हा उलगडा १९२३ मध्ये आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी केला.
पूजासाहित्याच्या दुकानात दक्षिणावर्ती शंखाला चढा भाव. प्राणिशास्त्राच्या मोजणीत तो डावखुरा.

२३.
अॅसिडियन. खडकाला चिकटलेली चिवट पिशवी, दाबली की पाण्याची चिळकांडी. हीसुद्धा मृदुकायांच्या आसपासच ठेवलेली. १८६६ मध्ये अलेक्झांडर कोवालेव्स्की यांनी तिचा डिंभ पाहिला : बेडकाच्या पोरासारखा, शेपटीत पृष्ठरज्जू, पाठीच्या बाजूने मज्जातंतूंची नळी. म्हणजे कण्याच्या प्राण्यांची चुलत शाखा.
डिंभ थोडा वेळ पोहतो, जागा पसंत करतो, डोक्याकडून चिकटतो, आणि शेपूट, पृष्ठरज्जू, मेंदूचा बराचसा भाग मोडीत काढतो.

२४.
भारतीय समुद्रातल्या हर्डमानिया या अॅसिडियनवर एस. एम. दास यांची पुस्तिका १९३६ ची, लखनौहून निघणाऱ्या मालेतली. तेव्हापासून बी. एस्सी.च्या किती पिढ्यांनी तो प्राणी वाचला असेल. प्रयोगशाळेत समोर यायचा तो प्रौढ. ज्या अवस्थेमुळे तो आपल्या पंगतीला बसला ती काचपट्टीवर नाहीतर आकृतीत.

२५.
अॅम्फिऑक्सस, कण्याच्या प्राण्यांचा दुसरा जवळचा आप्त. पीटर सायमन पालास यांनी १७७४ मध्ये नोंद केली : शंख नसलेली गोगलगाय.
शंका आली की मृदुकायांत टाकायचं, अशी त्या काळी रीतच दिसते.

२६.
टॉर्नारिया नावाचा डिंभ. योहानेस म्यूलर यांना तो तारामाशाचा वाटला. मेच्निकॉफ यांनी दाखवलं की तो बॅलनोग्लॉससचा आहे, वाळूत बिळं करणाऱ्या मऊ किड्याचा. मग मेच्निकॉफ यांनीच सुचवलं की हा किडा आणि तारामासे एकाच गटात असावेत. शंभराहून अधिक वर्षांनी डीएनएने तेच सांगितलं.
म्यूलर यांची चूक नातेवाइकांत झाली होती.

२७.
१९०८ : ग्रोबेन यांची दोन नावं प्रसिद्ध. त्याच वर्षी मेच्निकॉफ यांना नोबेल, रोगप्रतिकाराच्या कामासाठी. त्या कामाची सुरुवात सिसिलीत, तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा टोचून.

२८.
तारामासा मोठेपणी पाच हातांचा, अरीय सममिती. लहानपणी डावी-उजवी बाजू असलेला, द्विपार्श्व सममिती. दहावीत एका गुणाचा प्रश्न.

२९.
एर्न्स्ट हेकेल यांची १८७४ ची चित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात : ओळीने मासा, सॅलॅमँडर, कासव, कोंबडी, डुक्कर, माणूस, वरच्या रांगेत सगळे भ्रूण सारखे. वरची रांग जरा जास्तच सारखी काढली होती.
त्याआधीच्या, १८६८ च्या पुस्तकात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांच्या भ्रूणांसाठी एकच लाकडी ठसा तीनदा छापला होता. बाझलच्या लुडविग र्‍यूटिमेयर यांनी तो पकडला. १९९७ मध्ये मायकेल रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी खऱ्या भ्रूणांचे फोटोच शेजारी ठेवले.
चित्रं शाळेच्या पुस्तकांत त्यानंतरही होती.

३०.
भ्रूण अगदी सुरुवातीला सारखेच असतात, हेही खरं नाही. कोंबडीची तबकडी, बेडकाचा गोळा, सस्तन प्राण्याची पोकळ पिशवी. मग ते जवळ येतात, मधल्या एका टप्प्यावर सर्वांत सारखे दिसतात, आणि पुन्हा पांगतात. देनी द्युबूल यांनी १९९४ मध्ये याला वाळूच्या घड्याळाचा आकार दिला : वर रुंद, खाली रुंद, मध्ये कंबर.

३१.
जोफ्रवा सँ-हिलेर यांनी १८२२ मध्ये लॉब्स्टर उलटा धरून दाखवला : पोट वर केलं की त्याची मज्जारज्जू, आतडं, हृदय आपल्याच क्रमाने लागतात. हसं झालं. १९९० च्या दशकात भ्रूणातले पाठ-पोट ठरवणारे जीन सापडले. माशीत जो पाठीचा तो बेडकात पोटाचा निघाला.

३२.
लिबी हायमन, न्यूयॉर्क. अपृष्ठवंशी प्राण्यांवर सहा खंड, १९४० ते १९६७, संग्रहालयाकडून पगार न घेता. त्यांची मांडणी देहगुहेची : नाही, आभासी, खरी. भ्रूणाच्या मधल्या थराने पोकळी कशी केली यावरून पायऱ्या. शाळेच्या पुस्तकांत अजून हेच तीन खाने आहेत.
१९९७ मध्ये डीएनएवरून गोलकृमी झुरळाशेजारी गेले; दोघंही कात टाकतात. गांडूळ झुरळापासून सुटलं आणि गोगलगायीकडे गेलं. वळ्या बघणाऱ्यांना धक्का बसला. ४-डी बघणाऱ्यांना बसला नसता.

३३.
पण भ्रूणही नेहमी साक्षीला उभा राहत नाही. ब्रॅकिओपॉड, शिंपल्यांसारखे दिसणारे समुद्री प्राणी : पेशी सी अर्चिनसारख्या एकावर एक, म्हणून आपल्या बाजूला धरलेले. १९९५ मध्ये डीएनएने गोगलगायींच्या बाजूला पाठवले. प्रियापुलिड हे चिखलातले किडे कीटकांच्या बाजूचे, म्हणजे नावाप्रमाणे तोंड आधी. २०१२ मध्ये त्यांचा भ्रूण नीट पाहिला गेला : त्यांच्या पहिल्या छिद्राचं गुदद्वार होतं.
नावं १९०८ चीच चालू आहेत.

३४.
वॉल्टर गारस्टँग हे डिंभांवर कविता करणारे प्राणिशास्त्रज्ञ. त्यांचा वाद हेकेलशी : डिंभ म्हणजे पूर्वजांचा फोटो नव्हे, त्यालाही स्वतःचं पोट आहे, त्याला आज समुद्रात जगायचं आहे. कवितासंग्रह त्यांच्या मृत्यूनंतर, १९५१ मध्ये निघाला.

३५.
झीनोटर्बेला. स्वीडनच्या किनाऱ्याजवळच्या चिखलातला चपटा किडा. डोकं म्हणावं असं काही नाही, तोंड एक, गुदद्वार नाही. १९४९ मध्ये वर्णन झालं, जागा ठरेना. १९९७ मध्ये त्याच्या अंगात शिंपल्यासारखी अंडी आणि भ्रूण सापडले, डीएनएही शिंपल्याचा निघाला. निकाल : हा शरीर हरवून बसलेला मृदुकाय. २००३ मध्ये कळलं की तो शिंपले खातो. भ्रूण त्याची पोरं नव्हती, जेवण होतं.
त्यानंतर त्याला आधी आपल्या बाजूला, मग बाकीच्या सगळ्या द्विपार्श्व प्राण्यांच्या बाहेर, मग २०१९ मध्ये पुन्हा तारामाशांजवळ नेण्यात आलं. वाद चालू.

३६.
पोगोनोफोरा, खोल समुद्रातले नळीत राहणारे केसासारखे बारीक किडे. पहिले नमुने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर डच मोहिमेत इंडोनेशियाच्या समुद्रातून आले. पाठ कुठली आणि पोट कुठलं यावरच वाद. बरेच दिवस त्यांना ड्युटेरोस्टोमांच्या बाजूला, म्हणजे आपल्या बाजूला बसवलेलं होतं. १९६४ मध्ये पहिल्यांदा पूर्ण किडा हाती लागला; तोवर प्रत्येक वेळी मागचं टोक तुटून चिखलातच राहत होतं. त्या टोकाला गांडुळासारख्या वळ्या आणि राठ केस. पुढे त्यांच्या मोठ्या भाऊबंदांच्या पिल्लांत तोंड आणि आतडंही दिसलं, थोडे दिवस टिकणारं. आता ते वलयी प्राण्यांचं एक कुटुंब आहेत, म्हणजे तोंड आधीवाल्यांत.
पूर्ण वाढलेल्या किड्याला तोंडही नसतं आणि गुदद्वारही. अंगातले जिवाणू त्याला पोसतात.